पायी चालणाऱ्याचा रकाना

ग्रामीण रस्त्यावर वाहतूक मोजायला बसलं की प्रत्येक वाहनाला एक गुणांक असतो. मोटार १. एसटी किंवा ट्रक ३. सायकल अर्धा. मोठी बैलगाडी ८, कारण ती रस्ता अडवते आणि मागच्या सगळ्यांना तिच्या चालीनं चालायला लावते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांतले हे आकडे आम्हा अभियंत्यांना पाठ असतात. गणना सलग सात दिवस, चोवीस तास, वर्षातून दोनदा: एकदा सुगीत आणि एकदा सुगी नसताना. पद्धत विचारपूर्वक केलेली आहे. रस्ता किती रुंद हवा, थर किती जाड हवा हे ठरवायला ती लागतेच. पण त्या तक्त्यात पायी चालणाऱ्याला रकाना नाही. पन्नास माणसं घेऊन आलेली बस ३ धरली जाते, आणि ती बस न आल्यानं चालत निघालेली तीच पन्नास माणसं शून्य.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात उपअभियंता आहे. माझा तालुका सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा. गाव खाली आणि वाड्या वर, एकेका गावाच्या सात-आठ वाड्या. गेल्या काही वर्षांत कामाबद्दल मी जे शिकले, त्यातलं सगळ्यात मोलाचं दुसऱ्या खात्यांच्या माणसांकडून शिकले. त्याबद्दल हे लिहिते आहे.

आधी कोणाकडे काय, ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हा गुंता दिसत नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग आमच्याकडे. रस्त्यांची ही प्रतवारी १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद झाली तेव्हापासूनची आहे. दुरुस्तीचा पैसा अर्थसंकल्पातल्या 'तीस चोपन्न' या लेखाशीर्षातून, नव्या कामाचा 'पन्नास चोपन्न'मधून. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला रस्ता असला की यंत्रणा आणखी वेगळी. त्याच रस्त्यावरून एसटी किती वाजता जाणार हे आगार ठरवतं, शाळा कधी सुटणार हे मुख्याध्यापक ठरवतात, आणि गरोदर बायकांची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते, मग त्या दिवशी बाजार असो की नसो. वरच्या वाडीतली बाई एकाच सकाळी या सगळ्या निर्णयांच्या खालून चालत असते. निर्णय घेणारे आम्ही मात्र वर्षानुवर्षं एकमेकांना फक्त पत्रांतून ओळखत होतो. 'उपरोक्त विषयान्वये' एवढीच ओळख.

प्रशिक्षणं होतात, आणि चांगली होतात. आम्हा अभियंत्यांसाठी नाशिकला मेटा ही प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. सरकारी अधिकाऱ्यांसाठी पुण्यात यशदा आहे. एसटीच्या आणि देशभरातल्या परिवहन महामंडळांच्या लोकांसाठी भोसरीला १९६७ पासून सीआयआरटी ही संस्था आहे. तिथं गेलेले लोक खूप काही घेऊन परततात. पण माझ्या सगळ्या प्रशिक्षणांत शेजारच्या बाकावर अभियंताच बसलेला असायचा. वाहतूक निरीक्षक कधी बसला नाही, गटशिक्षणाधिकारी तर नाहीच.

इथं मला बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांची आठवण काढावीशी वाटते. १९२७ मध्ये देशाच्या रस्त्यांचा विचार करायला जी समिती नेमली गेली तिचे ते अध्यक्ष होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच. त्यांच्या समितीच्या शिफारशींतून १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस उभी राहिली, ती प्रांताप्रांतांतल्या अभियंत्यांनी आपला अनुभव एका जागी आणावा म्हणून. एका वकिलाच्या समितीनं अभियंत्यांना एकत्र बसवलं, याचं मला फार अप्रूप आहे. तालुक्याच्या पातळीवर तेच काम अजून करायचं राहिलंय.

आमच्याकडे सुरुवात झाली ती एका मुक्कामी गाडीवरून. आमच्या कागदावर ते गाव 'जोडलेलं' होतं. ग्राम सडक योजनेच्या पहिल्या टप्प्यात डोंगराळ भागात बारमाही रस्ता पायवाटेनं दीड किलोमीटरच्या आत असला की वस्ती जोडलेली धरायचे, आणि इथं तर डांबरी रस्ता देवळापर्यंत गेला होता. तरीही पावसाळ्यात गाडी अलीकडच्या फाट्यावरच थांबते, अशी सरपंचताईंची तक्रार होती. आगाराला पत्र गेलं, उत्तर आलं: 'रस्ता योग्य नाही.' आम्ही कळवलं: 'रस्ता सुस्थितीत आहे.' दोन्ही पत्रं खरी होती.

मग एका संध्याकाळी मी त्याच गाडीनं वर गेले. चालक काका निवृत्तीला आलेले, त्या घाटात केस पांढरे झालेले. देवळापाशी पोचल्यावर कंडक्टर खाली उतरला, बसच्या मागं गेला आणि हातानं पत्रा वाजवत 'येऊ द्या, येऊ द्या' करत राहिला. काका अंधारात गाडी मागं मागं घेत होते. एका बाजूला मोरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला भाताचं खाचर.

"मॅडम, डांबर झकास हाय तुमचं," काका म्हणाले. "पण गाडी फिरवायची कुटं? पावसात साईडपट्टीवर चाक गेलं की संपलं."

रस्ता ३.७५ मीटर रुंद. मानकाप्रमाणे बरोबर. बस अडीच मीटरच्या वर. आमच्या अंदाजपत्रकात रस्ता जिथं संपतो तिथं रेघ संपते, पण गाडीला तिथून परत यायचं असतं. त्या रात्री चालक-वाहकांबरोबर ग्रामपंचायतीच्या ओसरीवर जेवताना काकांनी घाटातलं एकेक वळण सांगितलं. समोरून येणाऱ्याला बाजू देण्यासाठी आम्ही किलोमीटरला दोन-तीन जागा रुंद करून ठेवतो. आराखड्यावर त्या सारख्या अंतरानं पडतात. काकांचं म्हणणं असं की जागा तिथं हवी, जिथून वरची गाडी दिसते. दिसलीच नाही तर थांबणार कोण? मी टाचणवहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उतरताना प्रत्येक जागेचं चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, घेतलं.

त्यानंतर आम्ही पंचायत समितीच्या सभागृहात एकत्र बसायला लागलो. आदेश कोणाचा नव्हता. गटविकास अधिकाऱ्यांनी जागा दिली, चहाची सोय केली. आगारातून वाहतूक निरीक्षक आले, शिक्षण विभागाचे केंद्रप्रमुख आले, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या. एक निवृत्त मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे कामगार, आले, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आमच्या बाजूचे डोंगर खचले, रस्ते गेले, माणसं गेली. त्यानंतर आण्णांच्या डोक्यात असलेली माहिती मला कोणत्याही नकाशाहून जास्त हवीशी वाटायला लागली. कोणत्या ओढ्याला पाणी आधी चढतं, कोणत्या उतारावर पहिल्या पावसातच माती सुटते, कुठली मोरी दरवर्षी तुंबते, हे त्यांना चालून चालून माहीत. मैलकुली नेमणं जवळजवळ थांबलंय आणि ही माहिती त्या पिढीबरोबर निघून चालली आहे. म्हणून आम्ही त्यांच्याकडून ती नकाशावर उतरवून घेतली, तालुक्याच्या रस्ते आराखड्याच्याच प्रतीवर, लाल पेन्सिलीनं.

वाहतूक निरीक्षकांनी मला जे शिकवलं ते आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. आपल्याला वाटतं, वाडीची गाडी वीस मिनिटं उशिरा सोडायला काय हरकत आहे? त्यांनी फळ्यावर एका गाडीचा दिवस मांडला. पहाटे वाडीतून निघालेली गाडी तालुक्याला येते, तीच पुढं कॉलेजची फेरी करते, तीच दुपारी दुसऱ्या खोऱ्यात जाते. चालक-वाहकांचे आठ तास त्यातच बसवायचे. एका वाडीसाठी वीस मिनिटं सरकवली की तीन ठिकाणची माणसं स्टँडवर उभी राहतात. आणि भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचं प्रमाण, पडलं की फेरी चालवण्याचं समर्थन त्यांना वरिष्ठांपुढं करावं लागतं. हे ऐकल्यावर आमच्या सभेत 'गाडी द्या' ही मागणी कोणी नुसती केली नाही. 'कुठली फेरी कुठून फिरवता येईल' असा प्रश्न यायला लागला.

शनिवारचा प्रश्न असाच सुटला. आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा. हायस्कूल दुपारच्या आत सुटतं आणि वरच्या वाड्यांची गाडी मात्र रोजच्यासारखी संध्याकाळी पाचनंतर. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे, पण गाडी नसेल तर पास दप्तरातच राहतो. मुली चालत जायच्या किंवा फाट्यावर बसून राहायच्या. कोणत्याच खात्याच्या तक्त्यात ही गोष्ट नव्हती, कारण आमची गणना वाहनांची, आगाराचं वेळापत्रक आठवड्याच्या इतर दिवसांवर बेतलेलं, आणि शाळेच्या हजेरीत मुली हजरच. केंद्रप्रमुख सरांनी शाळेत प्रत्येक मुलीला घरी किती वाजता पोचलीस ते आठवडाभर लिहायला सांगितलं. ते कागद टेबलावर आले तेव्हा निरीक्षक बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, दुपारी एक गाडी खालच्या रस्त्यानं जवळजवळ रिकामी परत येते, ती शनिवारी वरून घेता येईल, वाढणारं अंतर एका टप्प्याच्याही आत आहे. म्हणजे सहा किलोमीटरपेक्षा कमी. शाळेनं सुटण्याची वेळ थोडी पुढं घेतली. मी वरच्या रस्त्यावरच्या फांद्या छाटून घेतल्या आणि एका वळणाची साईडपट्टी मुरूम टाकून भरली. कोणाचाही स्वतंत्र निधी लागला नाही.

देवळापाशी गाडी वळवायची जागाही झाली. ग्रामसभेनं गावठाणालगतची जमीन ठरावानं दिली आणि रस्त्याच्या पुढच्या कामाच्या अंदाजपत्रकात मी ती धरली. आता पावसाळ्यातही गाडी वरपर्यंत जाते. सगळं असं सरळ झालेलं नाही. दोन वाड्यांसाठी छोटी मिडी बस हवी, ती आमच्या आगाराकडे नाही. एका रस्त्यावर वनखात्याची हद्द आहे आणि तिथं रुंदीकरणाचा विषय पुढं सरकत नाही.

एक माणूस या बैठकीला औपचारिकपणे बोलावता येत नाही, तो म्हणजे वडापवाला, खासगी जीपमधून माणसं नेणारा. त्याच्या जीपमध्ये किती माणसं बसतात यावर मला बोलायचं नाही, ते धोक्याचं आहे हे उघड आहे. पण बाजारच्या दिवशी कोणत्या वाडीतून किती बायका कोथिंबिरीची गाठोडी घेऊन किती वाजता उतरतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. तो मागणीचा हिशेब रोज पोटासाठी करतो. आम्ही बैठकीनंतर चहाच्या टपरीवर त्याच्याशी बोलतो. माझं स्पष्ट मत आहे की नियोजनाच्या टेबलावर त्याला खुर्ची मिळाली पाहिजे.

सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात, २०१९ पासून, रस्ता निवडताना शाळा, दवाखाने, बाजार अशा सोयींना गुण द्यायची पद्धत आली. आमच्या विभागातल्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढून त्या जागा नकाशावर टाकल्या. मला ही पद्धत मनापासून आवडली. पण नकाशावर शाळा कुठं आहे ते येतं, ती कधी सुटते ते येत नाही. आरोग्य केंद्र येतं, ९ तारीख येत नाही. आगाराची, शाळेची, आरोग्य केंद्राची माणसं आराखडा करतानाच शेजारी बसली तर वेळही नकाशावर येईल. म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याचा ग्रामीण रस्ते आराखडा अद्ययावत करताना आगाराच्या निरीक्षकाची सही त्यावर असावी. प्रशिक्षणाची एक तरी तुकडी दरवर्षी मिश्र असावी, अभियंता, निरीक्षक, केंद्रप्रमुख आणि ग्रामसेवक एकाच वर्गात, आणि अभ्यासाला खरा एकच तालुका. वाहतूक गणनेच्या तक्त्यात दोन रकाने वाढावेत: पायी जाणारे आणि थांब्यावर वाट पाहणारे. आमच्या तालुक्यात आम्ही ते पेननं आखून घेतले आहेत.

भीती बदलीची आहे. निरीक्षकांची बदली झाली, नवे आले, आणि दोन महिने आमची बैठकच झाली नाही. आता सगळ्याची एक नोंदवही पंचायत समितीत ठेवली आहे. त्यात पत्रांची भाषा नाही. कोणत्या वळणावर काय, कोणाशी बोलायचं, कोणती फेरी का फिरवली, असं लिहिलेलं आहे. नव्या निरीक्षकांनी ती रुजू झाल्यावर वाचली आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी नवा विषय काढला.

आगारात आता महिला वाहक आहेत, पण मुक्कामी गाडीवर त्यांची ड्युटी लावता येत नाही, कारण गावात मुक्कामाला दार बंद होणारी खोली नाही आणि शौचालय नाही. पुरुष ओसरीवर झोपतात, तेही बरोबर नाहीच. खोली बांधणं एसटीच्या अखत्यारीत नाही, रस्त्याच्या अंदाजपत्रकात ती बसत नाही, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतून करता येईल का ते पाहायचं आहे. पुढच्या बैठकीला तिन्ही मुक्कामी गावांच्या ग्रामसेवकांना बोलावलं आहे. खोलीचा नकाशा मी काढते आहे, दहा बाय बारा, आतून कडी, बाहेर दिवा, आणि पाण्याची टाकी.