पिवळ्या पिशवीतली सुई

आज ड्यूटी संपता संपता वॉर्डातल्या मावशी बोट धरून समोर उभ्या. "काय नाही सिस्टर, जरा टोचलं की." संसर्गजन्य कचऱ्याची पिवळी पिशवी बांधताना सुई हातमोज्यातून थेट आत. सुई पांढऱ्या, आरपार न टोचणाऱ्या डब्यातच टाकायची, दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही तेच आहे. पिवळ्यात टाकली कुणी? आमच्यातल्याच कुणीतरी, घाईत. (मीही असेन.)

मावशी बोट दाबून रक्त काढत होत्या. तसं करायचं नसतं, नुसतं साबण-पाण्यानं धुवायचं. मग नोंद, रक्ततपासणी, डॉक्टर. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या द्यायच्या ठरल्या तर पहिली शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत. पुढे २८ दिवस रोज. 'हिपॅटायटिस बी'च्या लशीचे तिन्ही डोस झालेत का विचारलं, तर म्हणाल्या, "एक झालता. मग ठेकेदार बदलला."

यावर काय बोलणार!

सोलापूरच्या भर उन्हात रिक्षापर्यंत सोडायला गेले. गोळ्यांचं पाकीट त्यांनी रिकाम्या डब्यात, शेंगाचटणीच्या पुडीखाली दडवलं. "घरात सांगणार नाही. मालक काम सोडा म्हणतील." रिक्षा निघताना मान बाहेर काढून, "उद्या सकाळपाळीलाच हाय मी."