जमीन एकाची, घर दुसऱ्याचे: जावातील एका वाडीत आठ दिवस

जावा बेटावर जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी योग्यकर्त्याला उतरतात, बोरोबुदुर आणि प्रंबानन पाहतात आणि तिसऱ्या दिवशी बालीचे विमान पकडतात. मी आणि लांज्याकडची घरची शेती सांभाळणारा माझा धाकटा भाऊ असे दोघे जूनच्या अखेरीस योग्यकर्ता शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, कुलोन प्रोगो जिल्ह्यातील नांगुलान भागातल्या एका वाडीत आठ दिवस राहिलो. माझ्या जकार्तातील एका जुन्या सहकाऱ्याचे ते मूळ घर असून त्याची आई आता तिथे एकटीच असते. पश्चिमेला मेनोरेहचे डोंगर, पूर्वेला प्रोगो नदी आणि मध्ये कालिबावांग कालव्याच्या पाण्यावर पिकणारी भातखाचरे, असा तो मुलूख आहे. आपल्याकडे लावणीची घाई असलेल्या त्या आठवड्यात तिथे वर्षातले दुसरे पीक कापणीला आले होते. ऐन लावणीत भावाने घर सोडल्याबद्दलचा घरच्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही.

पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे नाव नोंदवणे. बाहेरचा माणूस रात्री मुक्कामाला राहणार असेल तर २४ तासांच्या आत आरटीच्या प्रमुखाला कळवायचे, असा गावोगावचा नियम आहे, आणि त्या आशयाच्या पाट्याही वाडीच्या तोंडाशी लावलेल्या असतात. आरटी म्हणजे शेजारच्या काही घरांचा गट. ही रचना १९४२ ते १९४५ या जपानी अमलात आली आणि जपानी गेल्यावरही टिकून राहिली. आम्ही संध्याकाळी पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन प्रमुखांच्या घरी गेलो. काम दोन मिनिटांचे होते, पण बैठक तासभर चालली, कारण चहा आल्याशिवाय उठता येत नाही, आणि आलेला चहा यजमानाने ‘मोंगो’, म्हणजे ‘घ्या’, म्हणेपर्यंत उचलायचा नसतो. हा चहा गरम, गोड आणि दाट असावा असा संकेत आहे, आणि या तीन गुणांच्या जावानीज नावांची शेवटची अक्षरे जोडून त्याला ‘नासगितेल’ म्हणतात. मागून जाणाऱ्यांनी ही भेट टाळू नये. तिच्यानंतर वाडीत कोणी आमच्याकडे संशयाने पाहिले नाही, आणि तिच्याआधी एकाने पाहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून भावाचे प्रश्न सुरू झाले आणि खरे म्हणजे त्याच्या प्रश्नांमुळेच हा प्रवास सार्थकी लागला. त्याला प्रत्येक तुकडा कोणाचा हे हवे होते. जावातील शेतकरी जमिनीचे मुख्यतः तीन प्रकार मानतो: पाण्याखालची भातशेती म्हणजे सावाह, कोरडवाहू रान म्हणजे तेगालान आणि घराभोवतीचे परसू म्हणजे पकारांगान. मोजमाप सरकारी कागदावर चौरस मीटरमध्ये असले तरी म्हातारी माणसे अजून ‘रू’ आणि ‘बाहू’ बोलतात. एक रू सुमारे १४ चौरस मीटरचा, आणि ५०० रूंचा एक बाहू, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेदोन एकर. एवढी जमीन असणारा माणूस तिथे सुस्थितीतला समजला जातो. आमच्या यजमानीणबाईंचा सावाह पाव बाहूचा, म्हणजे साडेसतरा गुंठ्यांचा होता आणि तोही दोन ठिकाणी विभागलेला. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असणाऱ्याला इंडोनेशियात ‘पतानी गुरेम’ म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक पिसू. हे नाव आकडेवारी गोळा करणारे सरकारी खातेही बिनदिक्कत वापरते.

बाईंचे वय झाल्यामुळे त्यांचा तुकडा शेजारचा एकजण ‘मारो’ने करतो, म्हणजे अर्ध्या वाट्याने. ही आपली अर्धेलीच आहे. कसणाऱ्याला एक तृतीयांश मिळत असेल तर त्याला ‘मर्तेलू’ असा वेगळा शब्द आहे. तो शेजारी स्वतःचाही एक तुकडा कसतो, शिवाय ‘लुंगुह’च्या जमिनीतला एक भाग भाड्याने घेतो. लुंगुहची जमीन म्हणजे गावच्या अधिकाऱ्याला पदाबद्दल मिळालेली जमीन. इतरत्र तिला ‘बंगकोक’ म्हणतात. लुरा हा गावप्रमुख, चारिक हा चिटणीस, जागाबाया सुरक्षेचा, उलू-उलू पूर्वापार पाण्याचा आणि डुकुह हा वाडीचा प्रमुख, या साऱ्यांना पदावर असेपर्यंत ठरलेला तुकडा कसायला किंवा भाड्याने द्यायला मिळतो आणि पद गेले की तो गावाकडे परत जातो. निवृत्तांसाठी ‘पंगारेम-आरेम’ नावाचा वेगळा लहान तुकडा असतो. आपल्याकडे पाटीलकीचे वतन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने संपले, आणि वतन मुळात वंशपरंपरेचे होते. लुंगुह मात्र खुर्चीबरोबर येतो आणि खुर्चीबरोबर जातो. ‘लुंगुह’ या शब्दाचा अर्थच ‘बसणे’ असा आहे. भावाला हा फरक इतका पटला की तो दोन दिवस दुसरे काही बोलत नव्हता.

या सगळ्यावर योग्यकर्त्याचा आणखी एक थर आहे. १९१८ च्या राजाज्ञेनुसार ज्या जमिनीवर कोणाची पक्की मालकी सिद्ध होत नाही ती योग्यकर्त्याच्या सुलतानाची किंवा तिथल्याच पाकुआलाम या धाकट्या संस्थानाची, आणि २०१२ च्या १३ क्रमांकाच्या कायद्याने या दोन्ही घराण्यांच्या जमिनींना पुन्हा स्पष्ट मान्यता दिली. अशा जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला ‘मागेरसारी’ म्हणतात. घर त्याचे असते, जमीन राजवाड्याची. देशभरच्या जमिनीसाठी पाया आहे तो १९६० च्या मूळ कृषी कायद्याचा, जो योग्यकर्त्यात पूर्णपणे लागू व्हायला १९८४ साल उजाडले. त्याच कायद्याप्रमाणे ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, परदेशी माणसाला मिळत नाही. हिरवीगार खाचरे पाहून ‘इथे एक तुकडा घेऊन ठेवावा’ असे मनात येणाऱ्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण ‘कागदावर माझे नाव लावू, जमीन तुमचीच’ असे सांगणारे दलाल भेटतात आणि असा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो.

बाईंनी कपाटातून काढून दाखवलेला कागद ‘लेटर सी’चा उतारा होता. गावच्या कार्यालयातील वसाहतकाळापासूनच्या शेतसारा वहीत कोणाच्या नावावर किती जमीन आणि किती कर, हे लिहिलेले असते, त्याचा हा उतारा. भाऊ म्हणाला, “ताई, हा तर आपला सातबारा.” साम्य आहेच; दोन्ही मुळात महसुलाचे कागद आहेत आणि दोन्हीकडे लोकांनी त्यांना मालकीचे कागद मानले आहे. २०१७ पासून सरकार गावेच्या गावे एकदम मोजून प्रमाणपत्रे देत आहे, तरी बाईंच्या एका तुकड्याचे प्रमाणपत्र व्हायचे होते, कारण तो अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर होता आणि भावंडांच्या सह्या जमत नव्हत्या. वाटणीचे तिथे दोन प्रघात आहेत. एकात मुलगे आणि मुली सारखे वाटेकरी असतात. दुसऱ्यात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. पुरुष खांद्यावरच्या काठीला दोन ओझी लावून नेतो आणि बाई पाठीवरच्या झोळीत एकच नेते, यावरून त्याला ‘सपिकुल सगेंदोंगान’ म्हणतात. नवरा-बायकोंनी लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता ‘गोनो-गिनी’ म्हणून वेगळी धरली जाते आणि काडीमोड झाला तर तिची वाटणी होते. राहते घर बहुधा शेवटपर्यंत आईवडिलांपाशी राहिलेल्या मुलाकडे, पुष्कळदा शेंडेफळाकडे, जाते.

घराबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आम्ही राहिलो ते ‘लिमासान’ पद्धतीचे कौलारू घर होते. पुढे ओसरी, आत मोठे दालन आणि मागच्या भिंतीला लागून तीन खोल्या. यांतली मधली खोली, ‘सेंथोंग तंगाह’, भाताची देवी देवी श्री हिची. बाई पाच वेळा नमाज पढतात, आणि त्या खोलीत झोपायचे नाही हेही त्यांनी आम्हाला पहिल्याच रात्री सांगितले. स्वयंपाकघर, ‘पावोन’, मागे वेगळे, बांबूच्या विणलेल्या भिंतींचे आणि चुलीच्या धुराने काळे झालेले होते. शेजारच्या रिकाम्या जागेत मात्र गवतात चार दगडी बैठका होत्या, ज्यांना ‘उंपाक’ म्हणतात; प्रत्येकीच्या मधोमध खांबाचे कूस बसवण्यासाठी चौकोनी खाच कोरलेली होती आणि त्या खाचांत पावसाचे पाणी साचून डास झाले होते. तिथे पूर्वी सागवानी जोगलो होता. चार मुख्य खांब, त्यांच्यावर एकावर एक रचलेल्या तुळया आणि मधोमध उंच गेलेले छप्पर, हे सारे खिळ्यांशिवाय कुसा-खाचांनी जोडलेले असल्यामुळे जोगलो उलगडता येतो, तुळयांवर क्रमांक घालून ट्रकमध्ये भरता येतो आणि दुसरीकडे जसाच्या तसा उभा करता येतो. त्या घरातल्या वारसांना जमीन वाटायची होती. घर वाटता येईना, म्हणून त्यांनी ते व्यापाऱ्याला विकले आणि पैसे वाटून घेतले. २७ मे २००६ च्या भूकंपानंतर योग्यकर्ता परिसरात दुरुस्तीचा खर्च न झेपलेल्यांनीही असे जोगलो विकले. हॉटेलात जुन्या जोगलोत राहण्याची हौस असणाऱ्यांनी निदान एकदा अशा रिकाम्या बैठका पाहून घ्याव्यात.

झाडांचीही मालकी असते. परसातले नारळ, फणस, सेंगोन आणि साग, सगळे कोणाचे तरी असतात, आणि पडलेला नारळसुद्धा उचलायचा नाही. सेंगोन पाच-सात वर्षांत तोडणीला येतो आणि शाळेची फी किंवा आजारपण आले की विकला जातो. गोठ्यातली गाय ही त्याहून मोठी ठेव. जनावरांना ‘रोजोकोयो’ म्हणतात, आणि दुसऱ्याचे वासरू वाढवून वाढीव किमतीत वाटा घेण्याला ‘गादुहान’. जवळच्या कोकाप भागात माडाची नीरा काढून गूळ करतात. आपल्या कोकणात भंडारी माडी काढतात तसेच दिवसातून दोनदा झाडावर चढणे, फक्त नीरा आंबायच्या आत कढईत जाते आणि करवंटीत ओतून तिच्या वड्या पाडतात. सकाळी सातच्या आत पोहोचलात तरच कढई पाहायला मिळेल.

कापणी आम्ही जवळून पाहिली. पूर्वी बायका ‘आनी-आनी’ या मुठीत मावणाऱ्या छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडत आणि कापलेल्या भाताचा ठरलेला वाटा, ‘बावोन’, घरी नेत. १९७० च्या दशकात बुटक्या, लवकर येणाऱ्या वाणांबरोबर विळा आला, आणि उभे पीक ठोक विकत घेणारा ‘पनबास’ व्यापारी आला, जो आपली टोळी घेऊन येतो, त्यामुळे गावातल्या पुष्कळ बायकांचा बावोन गेला. तरी शेजाऱ्याच्या शेतात मळणीयंत्र थांबल्यावर एक म्हातारी पेंढ्याच्या ढिगापाशी बसली आणि प्रत्येक पेंढी झटकून उरलेले दाणे सुपात घेऊ लागली. याला ‘ङासाक’ म्हणतात; आपल्या भाषेत सरवा. तिला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी हटकलेही नाही. तासाभरात तिने सुमारे दोन किलो भात जमवला, सूप पाखडले आणि निघून गेली.

आमच्या हातून एक चूक झाली. फोटो काढण्यासाठी भाऊ नुकत्याच लिंपलेल्या बांधावरून गेला आणि बांध खचला. रोपांच्या वाफ्यातले पाणी खालच्या खाचरात उतरले. आम्ही चिखलाने भगदाड बुजवले, पण मालकाने पाहिले होते. तो हसला आणि काहीच बोलला नाही. आमच्याकडे अशा वेळी निदान दोन शब्द ऐकावे लागले असते. संध्याकाळी बाईंनी केळ्याची भजी तळली, ताट झाकले आणि आम्हा दोघांना घेऊन त्याच्या घरी गेल्या. तिथे पाऊस, भाताचा भाव आणि आमची लग्ने यांवर गप्पा झाल्या, बांधाचा विषय निघालाच नाही, आणि तो मिटला. तेव्हा बांधावरून जाण्याआधी ‘नुवुन सेवू’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणावे, ओला बांध टाळावा, आणि समोरचा हसला म्हणजे सारे ठीक आहे असे समजू नये.

रात्री गस्त असते. प्रत्येक घराच्या ओसरीला एक लहान डबी टांगलेली असते आणि गस्तवाले तिच्यातले मूठ-चिमूट तांदूळ गोळा करतात. त्याला ‘जिंपितान’ म्हणतात आणि त्यातून वाडीचे सामाईक खर्च भागतात. आमच्या वाडीत आता डबीत ५०० रुपियाचे नाणे टाकतात. एका लग्नालाही गेलो. तिथे पाकिटातला आहेर वहीत लिहून ठेवतात, म्हणजे फेडताना चूक होत नाही, ही पद्धत आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आता जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. आम्ही माणशी ५ लाख रुपिया भरले, आणि तो एकदा वाढवता येतो. कुलोन प्रोगोतील नव्या विमानतळावरून शहरात रेल्वे आहे, पण वाडीत जायचे तर थेट गाडी ठरवावी. ओळख नसेल तर बोरोबुदुरजवळच्या चांदीरेजो गावात घरगुती मुक्कामाची सोय आहे. न्हाणीत हौदातले पाणी तांब्याने अंगावर घ्यायचे असते, हौदात उतरायचे नसते. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. शाकाहारी माणसाची टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू आणि भाज्यांवर उत्तम सोय होते, मात्र चटणीत कोळंबीची ‘तरासी’ आणि पापडात कोळंबी असते, म्हणून ‘तान्पा तरासी’, म्हणजे ‘तरासीविना’, हे शब्द पाठ करावेत. बाजार पाच दिवसांच्या जावानीज आठवड्यावर भरतो, त्यामुळे ‘उद्या बाजार आहे का’ हे यजमानांनाच विचारावे. पैसे हातावर ठेवू नयेत; आम्ही निघताना पाकीट बाईंच्या सुनेकडे दिले, आणि बाईंनी ते न पाहिल्यासारखे केले.

त्यांनी आम्हाला केळीच्या सुक्या पानात बांधलेला दोन किलो माडाचा गूळ दिला. तो दमट हवेत पाघळतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. आमचा जकार्तापर्यंत पोहोचेतो भावाच्या शर्टांना लागला होता.