दुसऱ्या पालखीतला माणूस

शिवजयंती जवळ आली की आमच्या पथकाचा सराव मंगळवार पेठेत सुरू होतो. शाहीर पुढं, आम्ही झीलकरी मागं. आम्ही ‘जी जी रं जी’ ओढतो तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढचं कडवं जुळवतो. झील लवकर सुटली तर त्याला श्वासाला जागाच उरत नाही. त्यामुळं असेल, वीरकथेत माझं लक्ष आधी मागच्या माणसांकडं जातं.

व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकानं १९२८ साली अद्भुतकथांतली पात्रं सात भूमिकांत बसवली. खलनायक, जादूची वस्तू देणारा, मदतनीस, राजकन्या नि तिचा बाप, कामगिरीवर धाडणारा, नायक आणि तोतया नायक. मांडणी रशियन कथांवरची. पण मी ती पन्हाळ्याच्या वेढ्याला लावून बघितली. सिद्दी जौहर खलनायक, बाजीप्रभू मदतनीस, इथवर सरळ आहे. शिवा काशीदपाशी मात्र मी अडलो.

जुलै १६६०. भर पावसात गडावरून दोन पालख्या निघाल्या. महाराजांची विशाळगडाकडं गेली. दुसरीत महाराजांचा वेश करून शिवा काशीद बसला होता, गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा. पुढं तो पकडला गेला, ओळखला गेला आणि मारला गेला.

प्रॉपचा तोतया नायकाची जागा घेतो, उघडा पडतो, शिक्षा भोगतो. शिवानंही याच तीन पायऱ्या चढल्या. फरक एवढाच, की तोतयाला नायकाचं श्रेय हवं असतं आणि शिवानं नायकाचं मरण मागून घेतलं. बाजींच्या हातात तलवार होती, समोर खिंड होती. शिवाकडं होता फक्त चेहरा. गनिमाच्या छावणीत राजासारखं बसायचं, राजासारखं बोलायचं, आणि ओळख पटायला जितका उशीर होईल तितकी विशाळगडाची वाट मोकळी. इतकी अवघड भूमिका मला दुसऱ्या कुठल्याच वीरकथेत दिसलेली नाही.

आणि आमच्या पोवाड्यात त्याच्या वाट्याला दोन ओळी! तिथून शाहीर थेट घोडखिंडीत. यंदा मी हट्टच धरला, शिवाला पुरं कडवं पाहिजे. शाहिरांनी मान्य केलं. त्या कडव्याला डफ नाही, नुसतं तुणतुणं.

राहिले भोई. मध्यरात्री, चिखलातनं, खांदा बदलत पालखी पळवणारे. त्यांच्यावरच्या चार ओळी झाल्यात, चाल अजून बसत नाही. रविवारच्या सरावात हलगीवर धरून बघणार आहे.