बेअरिंग शाबूत होतं

जुनं लाकूडकामाचं लेथ (लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र) तपासायला समोर आलं, तेव्हा निदान आधीच ठरलेलं होतं: बेअरिंग गेलंय. घेणाऱ्याने नवी बेअरिंगं आणूनही ठेवली होती. चालू केलं तर धप्, धप्, धप्, आणि बेडवर, म्हणजे यंत्राच्या लांब पायावर, हात टेकवला की ठोका तळव्याला जाणवायचा. पण तो फार संथ होता.

स्पिंडलचा (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याचा) वेग मिनिटाला 600 फेरे, म्हणजे सेकंदाला 10. बिघडलेलं बेअरिंग सलग घरघरतं. इथे सेकंदाला जेमतेम तीन ठोके पडत होते. स्पिंडलची पुली 100 मिमी व्यासाची, घेर सुमारे 314 मिमी. पट्टा साधारण 1000 मिमी लांब. पट्ट्याचा एक फेरा व्हायला स्पिंडलचे तीनहून थोडे जास्त फेरे लागतात. म्हणजे सेकंदाला पट्ट्याचे तीनच फेरे, आणि ठोकेही तीनच. हिशेब तिथेच जुळला.

खात्रीसाठी प्लग काढून पट्टा उतरवला. हाताने फिरवलं तर स्पिंडल गुळगुळीत फिरलं, वर-खाली हलवून पाहिलं तर खेळ नाही. नुसती मोटर चालवली, तीही शांत. पट्टा जमिनीवर ठेवला तेव्हा चोर सापडला: बराच काळ मशीन बंद असल्याने मोटरच्या छोट्या पुलीला बिलगलेला भाग तिथेच वाकून कडक झाला होता. प्रत्येक फेरीला तो पुलीवर चढताना धक्का देई. त्याच मापाचा नवा पट्टा घातला, दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून पाहिलं, आणि बेअरिंगं डब्यात परत गेली. ती उगाच ठोकून बसवली असती तर स्पिंडल धरून ठेवणारा चांगला हेडस्टॉक बिघडला असता.

दुसरी तक्रार, दातेरी सेंटर (लाकडात रुतून ते फिरवणारं टोक) डगमगतं. याचा टेपर, म्हणजे निमुळता आकार, मोर्स या ठरलेल्या मापांतला 2 नंबरचा. सेंटरवर मार्करने तीन उभ्या रेघा ओढल्या, स्पिंडलच्या भोकात बसवून किंचित पिळलं आणि बाहेर काढलं. रेघा फक्त तोंडाशी पुसल्या होत्या; आत सेंटर टेकतच नव्हतं. आतल्या बाजूला भुसा आणि गंजाचा थर होता. काठीला रॉकेलचं फडकं गुंडाळून तो पुसून काढला, मशीन बंद ठेवूनच. इथे पॉलिश पेपर घासायचा मोह होतो, पण टेपर एकदा अंडाकृती झाला की इलाज महाग पडतो.

मग टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग) पुढे आणून दोन्ही सेंटरची टोकं समोरासमोर धरली. बाजूला दीड मिमी फरक. हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून तो उचलला, तर खाली लाकडाचा एक चपटा ढलपा दडपलेला. तो काढल्यावर टोकाला टोक लागलं. दोन सेंटरमध्ये कातताना एवढा फरक खपून जातो, टेलस्टॉकमधून भोक पाडताना अजिबात नाही.

टूल रेस्टकडे (हत्यार टेकवायच्या पट्टीकडे) मात्र कोणी बघतच नाही. त्याच्या कडेवर बारीक खाचा होत्या. पटाशी सरकताना अशा खाचेत अडकते, उडी मारते आणि तोच खड्डा लाकडावर उमटतो. सपाट कानस लांब हाताने चालवून कड एकसारखी केली, वर मेण चोळलं.

पहिला तुकडा 50 मिमी चौरस, 250 मिमी लांब, बिनगाठीचा. कोपरे रंध्याने उतरवून अष्टकोनी केला. दातेरी सेंटर लाकडात ठोकायचं ते मशीनबाहेर, लाकडी हातोड्याने; स्पिंडलवर ठोकलं की घाव थेट बेअरिंगवर बसतो. टूल रेस्ट लाकडापासून 5 मिमीवर आणून आधी हाताने एक फेरा, मग वेग 800. चेहऱ्यावर शील्ड, हातमोजे नाहीत, बाही दुमडलेली.

रफिंग गोजची (लाकूड गोल करायच्या खोलगट पटाशीची) मूठ खाली धरली, आधी पात्याचा उतार नुसता घासू दिला, मग मूठ हळूच उचलली. टकटक आवाज विरत गेला, म्हणजे लाकूड गोल झालं. वेग 1500 वर नेला तशा धुळीऐवजी लांब साली सुटायला लागल्या. (हाच गोज वाडग्यासाठी वापरू नये; त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते, पातं अडकलं की तिथेच मोडते.)

थांबताना मोटरचा बोल्ट सैल करून पट्टा ढिला सोडला.