रविवार, सकाळचे दहा

३१ जानेवारी २०२० ला एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीतून चौदा हजारांवर माणसं एकाच दिवशी घरी बसली. स्वेच्छानिवृत्ती. मी त्यातलीच एक, वय एक्कावन्न. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. सगळेच रिकामे झाले, त्यात माझं रिकामपण झाकून गेलं. ते उघडं पडलं २०२२ मध्ये. जग कामाला लागलं, मुलगा बंगळुरूला गेला, आणि एके दिवशी सकाळी ओट्याशी उभी राहून मी डबा भरायला घेतला. कुणाचा ते कळेना.

त्याच आठवड्यात भिशीच्या ग्रुपवर एकीने संदेश टाकला. एका संस्थेला रात्रशाळेतल्या दहावीच्या मुलांसाठी मेंटॉर हवेत, दर रविवारी दीड तास, वर्षभर. मेंटॉर म्हणजे नेमकं काय, ते मला ठाऊक नव्हतं. शिकवणी असेल असं वाटलं. पण 'रात्रशाळा' या शब्दावर अडले. माझे वडील परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पहिली पाळी करून संध्याकाळी रात्रशाळेत जाऊन बसायचे. नववीत सोडली, कारण मी झाले. हे ते हसत सांगायचे. मला कधी हसू आलं नाही.

फॉर्म भरला. मुलाखत झाली. ओळखीच्या दोघांची पत्रं दिली. मग पोलिस पडताळणी. अर्ज ऑनलाइन, पण चौकीत बोलावणं आलंच. हवालदारांनी विचारलं, "कुठे नोकरी लागली?" म्हटलं, नोकरी नाही, एका मुलीला दर रविवारी भेटायचंय. "पगार?" नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आधार कार्डाकडे. "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"

प्रशिक्षण दोन शनिवार. शिकवणारा समन्वयक सव्वीस वर्षांचा, आम्ही निम्मे त्याच्या आईच्या वयाचे. नियम ऐकून पहिल्यांदा मी चिडले. पैसे द्यायचे नाहीत. भेटवस्तू नाही. मुलांच्या घरी एकट्याने जायचं नाही, त्यांना आपल्या घरी बोलवायचं नाही. फोटो काढून स्टेटसला लावायचे नाहीत. म्हटलं, मग उरलं काय? पण एक नियम असा होता की सगळे गप्प झालो. मूल म्हणालं, "एक सांगते, पण कुणाला सांगू नका", तर 'नाही सांगणार' असा शब्द द्यायचा नाही. मूल अठराच्या आतलं असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती कळवावीच लागते. समजल्यावर गप्प बसणं हाच गुन्हा. तेव्हा मुलांना आधीच सांगायचं, की तुझ्या जिवाला धोका असेल तर मी मदत आणीन, आणि काय करतेय ते तुला सांगूनच करीन. चाइल्डलाइन या मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ आम्हाला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावला. तो अजून तिथेच आहे.

जुलैत माझी जोडी लागली. मुलगी सतरा वर्षांची, मूळ गाव संगमेश्वरकडचं. आजी तिला 'बाय' म्हणते, म्हणून इथे मीही बायच म्हणते. दिवसा लालबागमध्ये झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानात काम, संध्याकाळी साडेसहाला रात्रशाळा. ही शाळा भरते दिवसाच्या शाळेच्या इमारतीत आणि तिच्या वर्गातली बाकं पहिली-दुसरीच्या मुलांची. सतरा-अठरा वर्षांची मुलं गुडघे पोटाशी घेऊन बीजगणित करतात. शेजारी एक गृहस्थ होते, कुठेतरी वॉचमन, चाळिशी उलटलेली. ते उभ्यानेच लिहायचे.

आम्ही भेटायचो संस्थेच्या परळच्या खोलीत, दार उघडं ठेवून. सगळ्या मेंटॉरना 'ताई' किंवा 'दादा' म्हणायचं असा तिथला रिवाज. बायला माझे केस बघून ताई म्हणवेना, मॅडम म्हटलं तर मी हरकत घ्यायची. काही दिवस ती 'मॅडमताई' म्हणाली.

पहिले दोन महिने मी जे केलं ते आता आठवलं की कानशिलं गरम होतात. मी वेळापत्रक आखून नेलं, चौकोन करून, तीन रंगांत. सकाळी पाचला उठ, बीजगणित. दुकानात जाताना इंग्रजीचे शब्द. तिने "हो" म्हटलं. पुढच्या रविवारी विचारलं, झालं का? "हो." दुसरं वेळापत्रक दिलं. "हो." मी शिकण्याचं महत्त्व सांगितलं, वडिलांची गोष्ट सांगितली, मी कशी शिकले ते सांगितलं. ती भिंतीवरचं घड्याळ बघायची. म्हटलं, पोरीला रस नाही.

दर महिन्याला समन्वयकाशी बोलायचं असे. त्याला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, दीड तासात ती किती वेळ बोलते?" मी हिशोब केला. पाच मिनिटं असतील. "आणि पाचला उठायचं तर ती झोपते किती वाजता?" मला माहीत नव्हतं. शाळा साडेनऊला सुटते, घरी जाऊन ती भांडी घासते, झोपायला साडेबारा. हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी नोकरीला लागले ती १९७ वर, डिरेक्टरी एन्क्वायरीला. लोक अर्धवट नाव सांगत, आडनाव चुकवत, रस्ता विसरत, आणि त्यातून नंबर काढून द्यायचा. वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून दुसऱ्याचं ऐकायचा पगार घेतला. तो गेला आणि ऐकणंही गेलं की काय!

वेळापत्रक बंद केलं. मग नुसत्या शांत बसायचो. फार अवघड जातं ते. मी चहा आणायची, ती नखं बघायची. त्यात गणपती आले. लालबागमध्ये गणपतीच्या दिवसांत कुणी वेळेवर कुठे पोचेल हे विसराच, एक रविवार तसाच गेला.

सप्टेंबरअखेरचा रविवार असेल. खोलीच्या बाहेर रस्ता खणला होता आणि खड्ड्याच्या कडेला काळ्या केबलीचा हातभर तुकडा पडला होता, तोंडातून रंगीत तारा बाहेर. बाय आत येताना थांबली. "ताई, ह्या एवढ्या वायरी कसल्या?" तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी तुकडा उचलून आत आणला. हात चिकट झाले, कारण त्यात पाणी शिरू नये म्हणून जेली भरलेली असते. ऑपरेटरची कामं कमी झाल्यावर मी बरीच वर्षं एमडीएफवर होते. एमडीएफ म्हणजे एक्स्चेंजमधली ती उंच लोखंडी चौकट, जमिनीखालून येणारी प्रत्येक फोनची जोडी जिथे येऊन बसते. तिला सांगितलं, तारा जोडीजोडीने असतात आणि रंगावरून नंबर कळतो. एका बाजूचे पाच रंग, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. दुसऱ्या बाजूचे पाच, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पांढरा-निळा पहिली जोडी, पांढरा-नारिंगी दुसरी. पांढऱ्याचे पाच संपले की लाल-निळा सहावी. असं करत जांभळा-राखाडी पंचविसावी.

ती तारा सोडवत बसली. दहा मिनिटं एक शब्द नाही, आणि मीही बोलले नाही, देवाची शप्पथ. मग म्हणाली, "विचारा."

"सतरावी?"

"पिवळा-नारिंगी."

"तेरावी?"

"काळा-हिरवा. ताई, हे संभाव्यतेसारखं आहे."

मला कळलंच नाही. तिने पिशवीतून बीजगणिताचं पुस्तक काढलं. संभाव्यतेच्या धड्यात नमुना अवकाश असतो, घडू शकणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी. नाणी, फासे, पत्ते. "पत्ते मी कधी खेळले नाही, बदामात किती पानं ते मला माहीतच नाही. हे दिसतं." तिने वहीत पंचवीस जोड्या मांडल्या, खाली लिहिलं, एन ऑफ एस, म्हणजे एकूण शक्यता, बरोबर पंचवीस. लाल असलेली जोडी हाताला लागण्याची संभाव्यता पंचवीसात पाच, म्हणजे एक पंचमांश. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. तिला नाही, तिला भूक लागली होती.

त्यानंतर उलटी गंगा सुरू झाली. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी आहे. मी नोकरीत असताना पगारातून कापलेला कर तेवढा बघितलेला. ती रोज बिलं फाडणारी. "अठरा टक्के म्हणजे नऊ केंद्राचे, नऊ राज्याचे. सीजीएसटी, एसजीएसटी. माल गुजरातचा असला तर आयजीएसटी एकच." तो धडा तिने मला शिकवला, आणि शिकवता शिकवता तिचा पक्का झाला. भूमितीत मात्र आम्ही दोघी सारख्याच ढ. तिथे रात्रशाळेच्या सरांनीच तारलं. हेही सांगायला हवं, की मेंटॉर म्हणजे शिक्षक नव्हे.

फेब्रुवारीत ती सलग तीन रविवार आली नाही. फोन बंद. मी नको ते सगळं मनात आणलं. चौथ्या रविवारी दारात उभी. परीक्षा २ ते २५ मार्च, आणि त्यातच शिमगा. वडील म्हणत होते, सगळे गावी जाणार, पालखी घरी येते, पोरीने असायला हवं, दहावी काय पुढच्या वर्षीही देता येते. हे सांगायला नको म्हणून ती येतच नव्हती. आता कोकणातल्या माणसाला शिमगा सोड म्हणणं किती कठीण ते मुंबईत राहूनही कळतं, गाड्या त्या दिवसांत कशा भरून जातात ते बघा. मी पदर खोचून तिच्या वडिलांशी बोलायला निघालेच होते. समन्वयकाने अडवलं. "तुम्ही बोललात तर ते तुमचं ऐकतील किंवा चिडतील. दोन्हींत तिचं काय?" मला राग आला. मग बायला विचारलं, घरात तुझं कोण ऐकतं? ती म्हणाली, आजी. त्याच दिवशी तिने गावी फोन लावला. आजी काय म्हणाली ते मला बायकडूनच कळलं. "पालखी दर वर्साला येतं. तू पेपर लिव." आजी शाळेत गेलेली नाही.

आई तिच्यासोबत मुंबईत राहिली. परीक्षेला तिच्याकडे घड्याळ नव्हतं. वर्गातल्या भिंतीवरचं बंद असलं तर? भेटवस्तू नाही, हा नियम. मी माझं जुनं किल्लीचं एचएमटी तिला उसनं दिलं आणि समन्वयकाला तसं कळवलं. तो हसला. जूनमध्ये घड्याळ परत आलं, पट्टा नवा घातलेला.

२ जून २०२३, दुपारी एक. निकालाची साइट उघडेना. तिच्या दुकानात तर निकालाच्या प्रिंटसाठी रांग, आणि रांगेतल्या सगळ्यांचे काढून झाल्यावर तिने स्वतःचा काढला. चोपन्न टक्के वीस. मला फोन आला तेव्हा ती बोलत नव्हती, मागे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता तेवढाच.

मला वाटलं होतं ती आयटीआयला जाईल, इलेक्ट्रॉनिक्सकडे. तारांवर तो हात मी पाहिला होता. तिने रात्रीच्या कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्स घेतलं, दुकानातलं काम सुटू नये म्हणून. मला वाईट वाटलं आणि ते चेहऱ्यावर दिसलं. दिसायला नको होतं. ती म्हणाली, "ताई, मला हिशोब आवडतो." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

लोक विचारतात, तुला यातून मिळालं काय. पैसा नाही, प्रमाणपत्र मिळालं, ते कपाटात कुठेतरी आहे. रविवारी सकाळी साडीला इस्त्री करायला कारण मिळालं, हे पहिलं. दुसरं सांगायला जरा लाज वाटते. माझ्या मुलाचा फोन पूर्वी चार मिनिटांत संपायचा. मी विचारायची, जेवलास का, आणि मग काय खावं ते सांगायची. हल्ली मी थांबते. परवा तो पाऊण तास बोलला. त्याच्या ऑफिसात काय चाललंय ते मला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि ते काही फार बरं चाललेलं नव्हतं.

जोडीचं वर्ष संपलं तेव्हा संस्थेने रीतसर निरोप दिला, समोसे होते. सध्या मी दुसऱ्या एका मुलीबरोबर आहे. ती खूप बोलते, तिच्या वेगळ्या कटकटी.

नोव्हेंबरात मी लालबागला बायच्या दुकानात गेले, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी. माझे बोटांचे ठसे उमटत नाहीत. ती म्हणाली, आता ठसे लागत नाहीत, चेहऱ्यावर होतं. मला स्टुलावर बसवलं, पाठीमागे पांढरा पुठ्ठा धरायला एका पोराला उभं केलं आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. मी विचारलं, हे नक्की सरकारी ॲप आहे ना, आणि गेल्या वर्षी बँकेत काय झालं ते सांगायला लागले. फोटो फसला. दुसऱ्यांदा मी कॉलेज कसं चाललंय ते विचारलं. पुन्हा फसला. मागे रांग लागली होती.

"ताई," ती म्हणाली, "बोलू नका. इथे बघा फक्त. आता डोळे मिचकावा."

मिचकावले. झालं. तिने वीस रुपये मागितले, मालक बघत होते.