खुर्चीतून दिसणारा गोल

काल दुपारी वाचता वाचता सहज मान वर केली, तर खिडकीतल्या मर्टलच्या, म्हणजे बारीक पानांच्या एका सदाहरित झुडपाच्या, गोलातून एक फुटवा बाहेर डोकावत होता. जेमतेम नखाएवढा आणि फिकट पोपटी. पुस्तक उपडे घातले, छोटी कात्री आणली आणि तो उडवला. मग शेजारचे पान लांब वाटू लागले, ते कापले तर उजवी बाजू फुगीर दिसू लागली, आणि उजवी नीट करावी तर डावी बसकी. अर्ध्या तासाने भानावर आले तेव्हा नारळाएवढा गोल मोसंब्यावर आला होता.

कुंडीतल्या झाडाला आकार द्यायचा नाद ज्यांना आहे, त्यांना हे अर्धे तास ठाऊक असतात.

हे रोप मी बोटभर कलमापासून वाढवले आहे. एकच सरळ खोड आणि माथ्यावर गोल, एवढाच बेत होता. काठीचा आधार द्यायचा, दोरी मधे एक पीळ देऊन सैल बांधायची म्हणजे खोडाला काचत नाही, बाजूचे फुटवे काढत जायचे आणि हवी ती उंची आली की शेंडा खुडायचा. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक खोडातून खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना निजवून ठेवते. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात, एकाच्या दोन फांद्या होतात, त्या दोन्ही पुन्हा खुडल्या की चार. हे सगळे माहीत असूनही तो पहिला शेंडा खुडायला मला आठ दिवस लागले. रोज नखात धरायचा आणि सोडून द्यायचा. मात्र जिथे धीर धरायला हवा होता तिथे मी तो धरला नाही. बाजूचे फुटवे काढायचे असले तरी खोडावरची पाने राहू द्यायची असतात, कारण खोड जाड होते ते त्या पानांच्या कमाईवर. मला रोप लवकर ‘झाडासारखे’ दिसायला हवे होते, म्हणून मी एका बैठकीत खोड साफ नागवे केले. ते आजही वातीसारखे बारीक आहे आणि काठी काढली की डोक्याच्या भाराने वाकते.

दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवायची, हा माझा दुसरा हट्ट. नाहीतर रोप उजेडाकडे झुकते आणि गोलाला पोट सुटते. कुंडीच्या काठावर मी खडूने खूण करून ठेवली आहे, कारण धूळ पुसताना घरातले कोणीतरी ती परत जागच्या जागी फिरवते. “आज स्वारीचं तोंड कुणीकडे?” असा प्रश्न मग आठवडाभर ऐकावा लागतो.

मर्टलच्या आधी रोझमेरीचा शंकू होता. चार दिवस बाहेरगावी गेले आणि त्याचे पाणी चुकले. परत आले तर तो होता तसाच हिरवा, सुवासिक, ताठ. रोझमेरी गेली तरी रंग लगेच सोडत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पुढचा आठवडाभर मी एका मेलेल्या रोपाची मोठ्या निगुतीने छाटणी करत होते.

लहानपणी ज्या बागेत आम्हाला नेत, तिथे झुडपाचा एक हत्ती होता. एकदा लपाछपीत मी त्याच्या पोटाखालून आत शिरले आणि थबकले. आत हिरवे काहीच नव्हते. करड्या काटक्या, गंजलेल्या तारा, सुतळीचे तुकडे आणि एक जुने घरटे. हिरवा हत्ती म्हणजे वीतभर जाडीची नुसती साल होती. सारखे कापून वरचा पाला दाट होतो, मग आत ऊन पोचत नाही आणि आतली पाने झडतात, एवढेच त्याचे कारण. पण त्या दिवशी मला फसवल्यासारखे वाटले होते. बागेतले माळीबुवा दोन्ही हातांनी धरायच्या मोठ्या कातरीने दोन घाव घालत, दहा पावले मागे जात, एक डोळा मिटून पाहत आणि पुन्हा पुढे येत. “कापलेलं परत चिकटत नाही, पोरी,” असे ते एकदा म्हणाले होते. मी मात्र खुर्चीतल्या खुर्चीत कापते, त्यामुळे माझा गोल फक्त खुर्चीतूनच गोल दिसतो.

या छंदाची टवाळीही जुनीच आहे. १७१३ साली इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने अशा झाडांची एक खोटी विक्रीयादी लिहिली. तिच्यातल्या झुडपी संत जॉर्जचा हात अजून पुरेसा लांब झालेला नाही, पण येत्या एप्रिलपर्यंत तो ड्रॅगनला भोसकण्याजोगा होईल, असे त्याने गिऱ्हाइकाला आश्वासन दिले होते. मी हसले खरी, पण माझ्या आयव्हीच्या बदकाला दोन वर्षे झाली तरी चोच आलेली नाही. तारेच्या सांगाड्यावर पोट लगेच भरते. चोच, शेपूट, कान अशा निमुळत्या जागी वेल जायलाच तयार नसते.

त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे १९०० वर्षांपूर्वी, धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने एका पत्रात आपल्या बागेचे वर्णन केले आहे. तिथे बॉक्स नावाची बारीक पानांची सदाहरित झुडपे अक्षरांच्या आकारात कापलेली होती, कुठे मालकाचे नाव, तर कुठे ते घडवणाऱ्याचे. झाडांत नाव लिहायचे म्हणजे ते दर हंगामात पुन्हा लिहायला हवे. घडवणारा आपले नाव कापायला लागला की मागे सरून एक डोळा मिटत असेल का, असे उगीच मनात येते.

हत्ती पाहायला मी काही वर्षांपूर्वी पुन्हा गेले होते. माळीबुवा नव्हते आणि कातरही बरेच दिवस फिरलेली दिसत नव्हती. सगळ्यात आधी सोंड गेली असावी. फांद्या भरघोस वाढल्या होत्या, झुडूप चांगले तजेलदार होते, आणि माझ्या डोक्याच्या उंचीवर पाल्यातून तारेचे एक टोक बाहेर आले होते.