शेवंताबाई पाटील आणि त्यांचे दोन नंबर

मिरजेच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये 'पाटील' टाकून सर्च मारा, यादी खाली खाली जातच राहते. त्यात इंग्रजी स्पेलिंग. शेवंता कुणी 'व्ही' घालून लिहितो, कुणी 'डब्ल्यू' घालून, कुणी 'बाई' गाळतो. मग एका पेशंटचे दोन नोंदणी नंबर होतात, आणि निस्तरायला आयटी.

नवा नंबर पाडण्याआधी मोबाईल नंबरवरून शोधावं. पण तो मागच्या खेपेला मुलाचा असतो, या खेपेला जावयाचा. म्हणून नंतर नावाची पहिली तीन अक्षरं आणि गाव. कर्नाटकातल्या अथणी-कुडचीकडून येणाऱ्यांचं नाव-आडनाव उलटं नोंदलेलं असू शकतं, तेव्हा रकाने अदलाबदल करूनही बघावं. "असतील साठ-पासष्ट" एवढंच वय कळलं की बऱ्याच सिस्टिम १ जानेवारी ही जन्मतारीख धरतात, त्यामुळे पाच वर्षं मागं-पुढं शोधावं. १४ आकडी आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) मिळाला तर उत्तमच, पण कॅज्युअल्टीत तो कुणाच्या खिशात असतो?

दोन नंबर सापडले तरी लगेच मर्ज, म्हणजे एकत्र, करू नका. आधी रक्तगट बघा. दोन्हीकडे वेगळा असेल तर तिथंच थांबायचं: एकतर ही दोन माणसं आहेत, नाहीतर कुठलं तरी सॅम्पल चुकलंय. दोन्ही गोष्टी लॅबला आणि डॉक्टरांना कळवाव्या लागतात, आपण ठरवायच्या नसतात. डुप्लिकेट नंबर परवडला. दोघांचे कागद एकाच फाइलमध्ये गेले तर ते वेगळे करता करता नाकी नऊ येतात.

पेशंट ॲडमिट असेल, लॅबचे रिपोर्ट यायचे असतील, तर थांबा. शक्यतो जुना नंबर ठेवावा आणि नवा त्याला जोडावा; डिलीट कधीच नाही. मर्ज केल्यावर एचएल७ चा (हॉस्पिटलच्या सिस्टिम एकमेकींशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिचा) ए४०, म्हणजे 'नंबर एकत्र केले', हा मेसेज लॅब आणि पॅक्सला (एक्स-रे, स्कॅन साठवणारी सिस्टिम) जातो. पण पॅक्सनं तो घेतला का, हे उघडून बघावंच लागतं. नसेल घेतला, तर मागच्या वर्षीचा छातीचा एक्स-रे बंद झालेल्या नंबरखालीच पडून राहतो, आणि रेडिओलॉजिस्टला 'आधीचा एकही फोटो नाही' असं दिसतं. तो एक्स-रे मग हातानं चालू नंबरखाली हलवावा लागतो.

हॉस्पिटलात असतानाच मर्ज करायची वेळ आली, तर मनगटावरचा पट्टा त्याच वेळी बदलून घ्या आणि वॉर्डातली जुनी लेबलं फाडायला सांगा. सिस्टरच्या ट्रेमध्ये दोन-चार हमखास उरलेली असतात.